चुन्याच्या भिंतीला चुनाच लागतो: गडकोटांच्या डागडुजीची अंदाजपत्रके लिहिणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गडकिल्ले, वाडे, देवळे आणि बारवांच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके करणारे अधिकारी व अभियंते, ती कामे घेणारे ठेकेदार, आणि सुट्टीच्या दिवशी श्रमदानाला गड चढणारी संवर्धन मंडळे यांस,

सप्रेम नमस्कार.

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आता निधी येईल, कामे निघतील. या बारांबरोबर यादीत नसलेल्या शेकडो गढ्या, कोट आणि घाट यांचीही डागडुजी होईल. आनंदाची गोष्ट आहे. भीती एकाच गोष्टीची वाटते: गडाच्या पायथ्याशी उतरणाऱ्या सिमेंटच्या गोण्यांची.

आमची मागणी एका वाक्यात मावते. जुन्या चुन्याच्या दगडी बांधकामाच्या अंदाजपत्रकातून ‘सिमेंट मॉर्टर १:३ मध्ये दरजा (दगडांमधले सांधे) भरणे’ ही ओळ काढा आणि तिच्या जागी चुन्याचे काम त्याला लागणाऱ्या वेळेसकट, पाण्यासकट आणि माणसांसकट लिहा. नुसता ‘सिमेंट’ शब्द खोडून ‘चुना’ लिहिला आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर चुन्याचे काम हटकून फसेल. मग ‘चुना टिकत नाही’ असा शेरा मारून पुढच्या वर्षी पुन्हा सिमेंट येईल.

आधी भिंतीकडे बघू. जुना तट एकसंध नसतो. बाहेरून आणि आतून घडीव किंवा अर्धघडीव दगडांचे थर, आणि मधल्या पोटात दगडगोटे, कपच्या व चुना यांचा भराव. माथ्यावर फांजी, म्हणजे तटावरून चालायची वाट, तिच्यावर पाणी बाहेर काढून देणारा चुन्याचा कोबा. कोबा फुटला, फांजीवर माती साठून गवत उगवले, की पावसाचे पाणी थेट पोटात उतरते. काळा पाषाण पाणी जवळजवळ पीतच नाही. त्यामुळे आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायला आणि भिंतीला वाळायला दरजांखेरीज दुसरी वाट नसते. चुना सच्छिद्र असतो, म्हणून ती वाट उघडी राहते.

तीच दरज सिमेंटने भरली की काय होते? सिमेंटचा माल, म्हणजे वाळू-पाण्यासह केलेले मिश्रण, सुकताना आकसतो आणि दगडाच्या कडेला केसाएवढी फट पडते. त्या फटीतून पाणी आत ओढले जाते, पण वाळून बाहेर पडायला ती पुरत नाही. पोटातला भराव वर्षभर ओला राहतो. चुना हळूहळू विरघळून खाली उतरतो. भिंतीवर दिसणारे पांढरे ओघळ म्हणजे आतला चुना वाहून चालल्याची खूण आहे. पोटातला भराव सैल होऊन खाली बसतो, बाहेरचा थर सुटतो, भिंत पोट काढते, आणि एखाद्या जोरदार पावसात मोठा तुकडा कोसळतो. पडलेला दगड उलटून पाहा: दर्शनी बाजूला दोन बोटे सिमेंट घट्ट चिकटलेले असते आणि मागे चुन्याऐवजी ओली माती निघते.

कोकणात जांभ्याच्या बाबतीत घात वेगळ्या तऱ्हेने होतो. जांभा पाणी पितो. दरजा बंद झाल्या की पाणी दगडातून बाहेर पडू लागते, आणि त्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठून त्याची भुकटी पाडतात. दगड खोलगट झिजलेले आणि सिमेंटच्या रेघा जाळीसारख्या पुढे आलेल्या, असा चिरा कुठे दिसला तर दोष चिऱ्याला देऊ नका.

‘पण सिमेंट मजबूत असते’ हे उत्तर नेहमी मिळते. म्हणून एक साधा हिशेब मांडतो. दगडी बांधकामाचे वजन घनमीटरला सुमारे अडीच टन धरा. दहा मीटर उंच तटाच्या तळाशी स्वतःच्या वजनाचा दाब चौरस मीटरला २५ टन, म्हणजे चौरस मिलिमीटरला पाव न्यूटनच्या आसपास येतो. जलीय चुन्याचा (ओलाव्यातही आवळणाऱ्या, म्हणजे कडक होणाऱ्या चुन्याचा) चांगला माल महिनाभरात दोन-तीन न्यूटनपर्यंत पोहोचतो. लागतो त्याच्या कितीतरी पट. ५३ ग्रेड सिमेंटचा आकडा प्रयोगशाळेतल्या ठोकळ्याचा असतो, आणि एवढ्या ताकदीला तटात कामच नाही. तटाला हवा आहे दगडापेक्षा मऊ माल, जो उन्हातान्हात आणि जमीन किंचित बसली तर स्वतः थोडा हलेल, बारीक तडा घेईल, पण दगड फुटू देणार नाही. दरजेतला माल पन्नास वर्षांनी पुन्हा भरता येतो. फुटलेला घडीव दगड परत मिळत नाही.

इतिहासही हेच सांगतो. जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले १८२४ मध्ये. भारतात ते बनवण्याचा पहिला प्रयत्न १९०४ मध्ये मद्रासला झाला, आणि पोरबंदरच्या कारखान्यातून नियमित उत्पादन १९१४ मध्ये सुरू झाले. सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले १६६४ मध्ये, शनिवारवाडा उभा राहिला १७३२ मध्ये. या वास्तूंच्या मूळ बांधकामात सिमेंट असणे शक्यच नाही. त्यांत आज दिसणारे सगळे सिमेंट आपण गेल्या शंभरेक वर्षांत घातलेले आहे.

आता चुन्याविषयी. अंदाजपत्रकात नुसते ‘चुना’ लिहिणे म्हणजे नुसते ‘लाकूड’ लिहिण्यासारखे आहे. विदर्भातला चंद्रपूर-वणीचा भाग सोडला, तर महाराष्ट्राच्या पठारावर चुनखडीचे मोठे थर फारसे नाहीत. जुन्या भट्ट्यांत जळायचे ते काळ्या मातीखाली आणि ओढ्याकाठी सापडणारे कंकराचे खडे, किनाऱ्यावर शिंपले. कंकरात मुळातच चिकणमाती असते. ती चुन्याबरोबर भाजली जाते, म्हणून कंकराचा चुना ओलाव्यातही आवळतो. इंग्लंडात एडिस्टनचे दीपगृह बांधताना (१७५६–५९) जॉन स्मीटनने मातीमिश्रित चुनखडीचा हाच गुण शोधून काढला. आपल्याकडच्या भट्टीवाल्यांना तो अनुभवाने ठाऊक होता. आज बाजारात गोणीतून मिळतो तो पांढराशुभ्र, शुद्ध चुना फक्त हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आवळतो. भिंतीच्या पोटात हवा पोहोचत नाही, तिथे तो वर्षानुवर्षे ओलाच राहतो. आयएस ७१२ या भारतीय मानकात चुन्याचे अ ते फ असे सहा वर्ग (इंग्रजी अक्षरांप्रमाणे ए, बी, सी, डी, ई, एफ) आहेत ते याचसाठी: बांधकामाला ए, बी किंवा कंकराचा ई, सी म्हणजे शुद्ध चुना, तो शेवटच्या गिलाव्याला आणि सफेदीला. अंदाजपत्रकात वर्ग लिहा. सी वर्गाशिवाय दुसरा मिळत नसेल, तर त्यात सुरखी (विटांची भुकटी) घालणे सक्तीचे करा.

भट्टीतून आलेला माल ओळखायचा कसा? शंभर किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर ५६ किलो उरते. बाकीचा वायू होऊन उडतो. म्हणून नीट भाजलेला खडा हाताला हलका लागतो. जड लागला तर आत कच्चा आहे. थोड्या चुन्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले आणि खूप फेस आला, तर तो एक तर कच्चा आहे किंवा साठवणीत हवेने मेलेला आहे. जलीयपणासाठी गोळ्याची चाचणी पुरते: चुन्यात बेताचे पाणी घालून ४० मिलिमीटरचे गोळे वळा, सहा तास ठेवा, मग पाण्यात सोडा. काही मिनिटांत विरघळून बसला तर सी वर्ग. थोडा फुगून बऱ्याच भेगा पडल्या तर बी. काहीच झाले नाही तर ए. या चाचणीला प्रयोगशाळा लागत नाही, बादली लागते. ती गडावर, ठेकेदार आणि अभियंता दोघांसमोर व्हावी.

कळीचा (भट्टीतून आलेला, पाणी न लागलेला) चुना विरवताना हौदात आधी पाणी घ्यायचे, मग त्यात चुना सोडायचा. ढिगावर वरून पाणी मारले तर आतला भाग कोरडा राहून तापतो आणि रवाळ, निकामी होतो. शिवाय उकळते शिंतोडे डोळ्यांत जातात. विरवल्यावर चाळणे टाळू नका. जास्त भाजलेले कण उशिरा विरतात आणि गिलाव्यात महिन्यांनी फुगून त्यावर फोड आणतात. शुद्ध चुन्याचा लगदा पाण्याखाली किमान तीन आठवडे मुरू द्यावा. जितका जुना तितका लोण्यासारखा. कंकराच्या चुन्याला मात्र हा नियम लावू नका. तो पाण्यात आवळतो, म्हणून विरवला की लवकर वापरायचा. महिनाभर हौदात ठेवला तर हौदातच दगड होऊन बसेल. ही गफलत फार महागात पडते.

वाळू करकरीत, लहानमोठ्या कणांची हवी. काचेच्या बरणीत वाळू-पाणी हलवून ठेवा. वर बसलेला गाळ आठ टक्क्यांहून जास्त असेल तर धुऊन घ्या. खाडीची वाळू गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय वापरू नये, आणि जलदुर्गांवर समुद्राचे पाणी मालात कधीच घालू नये. एकास तीन हे प्रमाण कुठून आले तेही तपासता येते: दहा लिटर कोरड्या वाळूत पाणी ओता, साधारण तीन-साडेतीन लिटर मावते. वाळूतली तेवढी पोकळी चुन्याने भरली पाहिजे, म्हणून तीन वाळूला एक लगदा. तुमची वाळू चार लिटर घेत असेल तर चुना वाढवा. सुरखीचा माल करायचा तर चुना, सुरखी आणि वाळू १:१:२ पासून सुरुवात करावी. सुरखी मंद भाजलेल्या विटांचीच. काळपट, काचेसारख्या झालेल्या विटेची भुकटी नुसती वाळू होते, चुन्याशी जुळत नाही.

मिसळणी हा यातला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. अनेक गडांवर चुन्याच्या घाणीची गोल दगडी चर आणि तिच्यात फिरणारे चाक आजही दिसते. बैल ते चाक फिरवत आणि त्याच्या वजनाखाली चुन्याच्या गाठी चिरडून प्रत्येक वाळूच्या कणाला चुन्याचा लेप बसे. त्यामुळे कमी पाण्यात मऊ माल मिळे, आणि पाणी कमी म्हणजे आकसणे कमी. काँक्रीटचा फिरता ड्रम हे काम करत नाही. त्यात चुन्याचे गोळे होतात आणि गवंडी वैतागून पाणी वाढवतो. चाके असलेली मळणीची यंत्रे मिळतात. अंदाजपत्रकात यंत्राचा प्रकार लिहा.

गूळ, हिरडा, बेलफळ, उडीद, मेथी यांविषयी खूप बोलले जाते. गुळाच्या पाण्याने माल मऊ होतो, सावकाश आवळतो आणि पाणी धरून ठेवतो, हे खरे. पण वाईट चुना गुळाने सुधारत नाही, आणि अति गुळाने माल कमजोर होतो. आधी चुना, वाळू आणि पाण्याची निगा. हे सगळे बरोबर असेल तर मग गूळ. काही ठिकाणी सिमेंटच्या मालातही परंपरा म्हणून गूळ टाकतात. ते तातडीने थांबवा. साखरेचा अगदी थोडा अंशही सिमेंटचे आवळणे रोखतो.

‘चुन्यात थोडे सिमेंट टाकू, दोघांचे गुण मिळतील’ ही तडजोडही नको. सिमेंट आधी आवळते, चुन्याला हवा पोहोचायच्या वाटा अडतात, आणि आत राहतो अर्धवट, ठिसूळ माल.

दरजा भरण्याआधी माथा दुरुस्त झाला पाहिजे. वरून पाणी शिरत असताना खाली दरजा भरणे निरर्थक आहे. फांजीचा उतार, पाणी काढून देणारे दगडी पन्हळ, कोबा हे आधी. वड-पिंपळाची झाडे ओढून काढू नका, ती दगड घेऊन येतात. बुंध्याशी कापा, मुळी मरू द्या, मग तेवढा भाग क्रमांक घालून, फोटो काढून उतरवा आणि पुन्हा रचा. मेलेली मुळी कुजून मागे जी पोकळी राहते ती भरायची आहे हे विसरू नका.

दरज खरवडताना ग्राइंडर आणू नये. तो दगडाची कड कापतो आणि ती इजा कायमची. छिन्नी-हातोडीने, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट आणि कमीत कमी २५ मिलिमीटर खोल. वरून खाली धुऊन घ्या. दगड ओला हवा, पण दरजेत पाणी साचलेले नको. माल थरांनी ठासायचा, एका वेळी दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नाही. रुंद दरजेत दगडाच्या कपच्या बसवायच्या म्हणजे माल कमी लागतो आणि आकसत नाही. अंगठा दाबल्यावर जेमतेम ठसा उमटेल इतका कडक झाला की ताठ ब्रशने ठोकून घ्यायचा. त्याने वरची साय मोडते आणि हवा आत जायला वाट होते. दगडाच्या तोंडावर माल पसरवून ‘फुगीर’ पॉइंटिंग काढणे बंद करा. ते पातळ ओठ पहिल्या पावसात सुटतात आणि मागे पाणी अडवतात.

पोटात पोकळी असेल तर पातळ जलीय चुना भोकांतून, खालून वर, स्वतःच्या वजनाने उतरू द्यावा. वरच्या भोकातून बाहेर दिसला की थांबावे, आणि एका दिवसात एक मीटरपेक्षा जास्त उंची चढू नये. पंपाने दाबून भरला तर फुगलेला बाहेरचा थर ढकलला जाऊन भिंत डोळ्यांदेखत सुटू शकते.

यानंतर चुन्याचा खरा शत्रू येतो, तो म्हणजे कॅलेंडर. चुन्याला हवा आणि ओलावा दोन्ही लागतात. ओले गोणपाट आणि दिवसातून अनेकदा बारीक फवारा, किमान दोन आठवडे. कडक उन्हात तो आवळण्याआधीच सुकतो आणि बोटाने भुकटी निघते. कोवळा असताना धो-धो पाऊस लागला तर वाहून जातो. म्हणजे सह्याद्रीत चुन्याचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. आणि कार्यादेश निघतात केव्हा? बहुतेकदा जानेवारी-फेब्रुवारीत, मार्चअखेर बिल काढण्याच्या घाईने. मग मार्च-एप्रिलच्या उन्हात, पाण्याची टाकी आटलेली असताना चुना लावला जातो आणि जूनमध्ये धुऊन जातो. हा दोष चुन्याचा नाही, वेळापत्रकाचा आहे. काम दोन आर्थिक वर्षांत विभागून मंजूर करा: पहिल्या वर्षात नोंदणी, माथ्याची मोजमापे, चुना-वाळूची खरेदी आणि मुरवणी, पाऊस संपताच भरणी.

मोजणीची पद्धतही बदलायला हवी. दरजा ब्रासवर किंवा चौरस मीटरवर मोजल्या की गवंड्याचा रोज सुटतो तो वेगाने हात फिरवण्यातून. खोल खरवडणे, धुणे, थरांनी ठासणे, ओले ठेवणे यांना वेगळी बाब आणि वेगळा दर नसेल, तर ती कामे होणारच नाहीत. गवंडी कितीही प्रामाणिक असला तरी. चुन्याच्या कामाला रोजंदारी योग्य. तपासणीसाठी सिमेंटच्या ठोकळ्यांची चाचणी मागू नका. महिन्याभराने दरजेचा छोटा तुकडा तोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलणारे चाचणीचे द्रावण) शिंपडा. गुलाबी झाला तितका भाग अजून हवेने आवळायचा आहे, रंग आला नाही तितका आवळला.

आणि माणसे. हे गड पाथरवटांनी घडवले, माती वडार आणि गाडी वडारांनी माती-दगड वाहिला, बेलदारांनी खणले-बांधले, लोणाऱ्यांनी चुना भाजला, गवंड्यांनी ओळंबा धरला. सिमेंट आल्यावर यांतली भट्टी आणि घाणी आधी बंद पडली, मग विरवणे आणि ओळखणे हातातून गेले. आज चुन्याचा हात असलेले गवंडी थोडे आहेत आणि ते एका कामावरून दुसऱ्या कामावर फिरतात. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला, आणि कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याची अट आली. गडावरचे काम हंगामी असते, म्हणून प्रत्येक ठेकेदाराने केलेल्या दिवसांचा दाखला लेखी दिलाच पाहिजे. नाही तर बांधकामावर घेतलेल्या उपकराचा लाभ या माणसांपर्यंत पोहोचत नाही. चुना चाळणाऱ्या, सुरखी कुटणाऱ्या बायांना हजेरीपटावर नुसते ‘बिगारी’ लिहू नका. मालाचा कस त्यांच्या हातांना आधी कळतो. डोळ्यांना चष्मा, हातमोजे, आणि डोळ्यांत चुना गेल्यास धुवायला स्वच्छ पाणी हाताशी असावे. दगड घडवताना उडणारी धूळ फुफ्फुसांत बसते. कापताना पाणी सोडणे आणि नीट बसणारा मास्क ही बाबही अंदाजपत्रकातच हवी.

चुनाही सगळीकडे लागत नाही, हे संवर्धन मंडळांना मुद्दाम सांगतो. यादवकालीन हेमाडपंती देवळे दगडाला दगड अडकवून कोरड्याने रचलेली आहेत. त्यांच्या सांध्यांत सिमेंटही नको आणि चुनाही नको. मातीत रचलेल्या गढीच्या भिंतींनाही तोच न्याय. मूळ माल काय होता हे तुकडा काढून पाहिल्याखेरीज काही भरू नका: पातळ आम्लात चुना विरघळतो, खाली वाळू उरते, ती चाळून तशीच शोधायची. किनाऱ्यावर वाळूत शिंपल्यांचे कण असतील तर तेही विरघळतात, म्हणून आधी भिंगातून बघावे. आणि गड केंद्राच्या १९५८ च्या किंवा राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली संरक्षित असेल, तर परवानगीशिवाय एक दरजही भरू नका. झाडोरा काढणे, टाक्यातला गाळ उपसणे यालाही परवानगी घ्या. ती मिळाल्यावर तुमचे श्रम तिथे सोन्याच्या मोलाचे आहेत.

येत्या हंगामापासून एवढे करावे. प्रत्येक कामावर पाऊस संपल्यावर एक मीटर लांब-रुंद असे दोन नमुना-भाग करून घ्या, एक दक्षिणेच्या उन्हातल्या तोंडावर आणि एक उत्तरेच्या सावलीत. चुन्याचा वर्ग, प्रमाण, तारीख आणि गवंड्याचे नाव नोंदवहीत लिहा. पुढच्या पावसाळ्यानंतर अभियंता, ठेकेदार आणि तोच गवंडी यांनी ते तिघांनी मिळून पाहावेत, आणि त्यानंतरच उरलेल्या तटाचा कार्यादेश काढावा.

आपले,
चुन्यात आणि दगडात काम करणारे गवंडी, पाथरवट व अभियंते